घरात कुणाला फिट आली तर: पहिल्या पाच मिनिटांपासून गोळ्यांच्या वहीपर्यंत

फिटच्या आजारात एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे डॉक्टरने फिट जवळजवळ कधीच बघितलेली नसते. त्याच्यासमोर पेशंट येतो तेव्हा तो शांत बसलेला असतो, रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल असतात आणि काय झालं ते पेशंटला स्वतःला आठवत नसतं. म्हणजे त्या वेळी समोर जो कुणी होता, आई, नवरा, रूममेट, ऑफिसमधला सहकारी, त्याने काय बघितलं आणि ते कसं सांगितलं यावरच निम्मं निदान उभं राहतं. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून हा आजार आहे, त्यामुळे हे सगळं घरात बघत आलोय, आणि म्हणूनच घरातल्या माणसाने काय करायचं ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी थोडक्यात काय होतं ते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संकेतांनी बोलत असतात, आणि फिटमध्ये पेशींचा एक मोठा गट अचानक एकाच वेळी आणि नको तितक्या जोरात संकेत सोडायला लागतो. हा गट मेंदूच्या ज्या भागात असेल तसं बाहेर दिसतं: हात हलवणाऱ्या भागात असेल तर हात उडतो, नजरेच्या भागात असेल तर डोळ्यासमोर रंग किंवा चमक दिसते, सगळीकडे पसरला तर माणूस बेशुद्ध होऊन पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट निदान आणि औषधं मिळाली तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. हा आकडा घाबरलेल्या घरांनी भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं.

समोर फिट चालू आहे, आत्ता काय करायचं

सगळ्यात पहिलं काम, घड्याळ बघा. मोबाईलवर वेळ बघा आणि मोठ्याने म्हणा, म्हणजे बाजूच्याच्याही लक्षात राहते. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, आणि पुढचे सगळे निर्णय या वेळेवरच होतात.

मोठी फिट कशी जाते ते आधीच माहीत असलं की हात कमी थरथरतात. सुरुवातीला कधीकधी एक विचित्र ओरडल्यासारखा आवाज येतो, तो वेदनेचा नसतो, छातीचे स्नायू आवळले की आतली हवा जोरात बाहेर पडते त्याचा असतो. मग अंग लाकडासारखं ताठ होतं, दातखीळ बसते, डोळे बहुतेक उघडेच पण वर गेलेले, श्वास अडकल्यासारखा होतो आणि ओठ निळसर पडतात. हा सगळ्यात भीतीदायक भाग, पण तो सहसा काही सेकंदच असतो. त्यानंतर हातपाय लयीत उडायला लागतात, तोंडातून फेस येतो, जीभ चावली गेली असेल तर फेसात रक्त दिसतं, कपड्यात लघवी होऊ शकते. झटक्यांमधलं अंतर हळूहळू वाढत जातं, मग ते थांबतात आणि घोरल्यासारखा मोठा श्वास सुरू होतो. बहुतेक फिट १ ते ३ मिनिटांत आपल्याआपण थांबतात, तुम्ही काही केलं म्हणून नाही.

तुमचं काम एवढंच की तेवढ्या वेळात इजा होऊ द्यायची नाही. आजूबाजूच्या टोकदार, गरम, काचेच्या वस्तू लांब सरकवा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, काहीच नसेल तर स्वतःचा तळहात. चष्मा काढा, गळ्याशी घट्ट बटण, टाय, ओढणी असेल तर सैल करा. जमलं तर झटके चालू असतानाच हलक्या हाताने कुशीवर वळवा, नाही जमलं तर झटके थांबल्या थांबल्या लगेच वळवा, तोंड थोडं जमिनीकडे झुकलेलं, म्हणजे लाळ, फेस, उलटी बाहेर येते आणि श्वासनलिकेत जात नाही.

आणि आता जे अजिबात करायचं नाही ते. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, कापड नाही, बोट तर नाहीच. जीभ गिळली जाते हा समज चुकीचा आहे, जीभ खालून तोंडाला जोडलेली असते, ती गिळता येतच नाही. चमचा घातल्याने दात तुटतात, तुटलेला तुकडा घशात जातो, आणि तुमचं बोट त्या जबड्यात सापडलं तर तेही तुटू शकतं. हातपाय दाबून धरू नका, झटके त्याने थांबत नाहीत पण खांदा निखळू शकतो. पाणी पाजू नका, गोळी तोंडात टाकू नका. नाकाशी काही धरून हुंगवणं किंवा मुठीत काही कोंबणं यानेही काही होत नाही, फिट तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय त्या वस्तूला जातं. गर्दी जमली असेल तर एकाला ॲम्ब्युलन्सच्या तयारीत ठेवा आणि बाकीच्यांना लांब करा, शुद्धीवर येणाऱ्या माणसाला वीस चेहरे वाकून बघताना दिसणं फार लाजिरवाणं असतं.

ॲम्ब्युलन्स कधी

५ मिनिटं. हा आकडा पाठ करा. झटके ५ मिनिटांपुढे गेले की ते आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि अर्ध्या तासापर्यंत चाललेल्या फिटने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून पाचव्या मिनिटाला फोन झालेलाच असला पाहिजे.

वेळ न बघता लगेच बोलवायचं ते या परिस्थितीत: आयुष्यातली पहिलीच फिट, एक संपून पूर्ण शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू, झटके थांबूनही श्वास नीट येत नाहीये, डोक्याला जोरात मार लागलाय, फिट पाण्यात आली, बाई गरोदर आहे, किंवा पेशंटला डायबेटिस आहे. ज्यांना आजार आधीपासून आहे आणि फिट नेहमीसारखीच येऊन दोन मिनिटांत थांबली, त्यांना दरवेळी हॉस्पिटलात न्यायची गरज नसते, मात्र हे आधी डॉक्टरशी बोलून ठरलेलं हवं. लांबलेली फिट थांबवायला काही पेशंटना डॉक्टर घरी ठेवायला मिडॅझोलॅम नावाच्या औषधाचा नाकातला स्प्रे देतात, किंवा गालाच्या आत सोडायचं औषध. ते दिलेलं असेल तर किती मिनिटांनी, किती डोस, आणि दुसरा डोस द्यायचा का, हे तीन प्रश्न त्याच दिवशी विचारून डब्यावरच चिकटवून ठेवा.

झटके थांबले म्हणजे संपलं नाही. पुढचा अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ, माणूस गोंधळलेला असतो, तुम्हाला ओळखत नाही, उठून चालायला लागतो, कुणी अडवलं तर चिडून ढकलतो. हे तो मुद्दाम करत नाही. त्याला पकडू नका, शांत आवाजात नाव घेत राहा, फिट येऊन गेली, मी इथेच आहे, एवढंच परत परत सांगा. नाव, दिवस, जागा नीट सांगता आली की मगच पाणी. काहींचा एक हात किंवा एक बाजू काही वेळ लुळी पडते, ती सहसा काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत भरून येते, पण असं पहिल्यांदाच झालं तर तो लकवाही (स्ट्रोक) असू शकतो, तेव्हा वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.

सगळ्या फिट अशा नसतात

इथे वर्षानुवर्षं निदान राहून जातं. वर्गात बोलता बोलता मूल ५-१० सेकंद थिजतं, डोळे मिचकावतं आणि जणू काही झालंच नाही असं पुढे बोलतं, दिवसातून कित्येकदा, आणि शिक्षक म्हणतात लक्ष देत नाही. ही ॲब्सेन्स प्रकारची फिट. दुसऱ्या एका प्रकारात मोठा माणूस मिनिट दोन मिनिटं शून्यात बघत राहतो, ओठ चाटतो, चघळल्यासारखं करतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो, हाक मारली तर उत्तर नाही, नंतर काही आठवत नाही. त्याच्या आधी कधी पोटातून भीती वर चढल्यासारखं, कधी घाण वास, कधी हे आधी घडून गेलंय असं वाटतं. आणि टीनएजमध्ये सकाळी उठल्यावर हात अचानक झटकून हातातला ब्रश, कप उडणं, हेही नुसता धांदरटपणा म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः झोप कमी झाल्यावर होत असेल तर. असल्या फिटमध्ये करायचं फार नसतं, रस्ता, जिना, गॅस यापासून अलगद बाजूला न्यायचं आणि भान येईपर्यंत सोबत राहायचं.

आणि उलटंही असतं. प्रत्येक कोसळणं म्हणजे फिट नव्हे. उभं राहून, गर्मीत, रक्त बघून चक्कर आली, आधी घाम सुटला, डोळ्यासमोर अंधारी आली, पांढराफटक पडला, हातपाय चारदोन वेळा उडाले आणि अर्ध्या मिनिटात पूर्ण शुद्धीवर, तर ती बहुतेक साधी भोवळ. हो, भोवळीतही थोडे झटके येतात, त्याने भले भले फसतात. हृदयाचे ठोके बिघडूनही माणूस असाच पडतो, म्हणून पहिल्या वेळी ईसीजी झालाच पाहिजे, विशेषतः पळताना किंवा खेळताना कोसळला असेल तर. साखर एकदम उतरूनही होतं. शिवाय फंक्शनल म्हणजे मेंदूतल्या विजेच्या गडबडीशिवाय येणाऱ्या फिटही असतात, त्या खऱ्याच असतात, माणूस नाटक करत नसतो, फक्त त्यांना फिटच्या गोळ्या लागू पडत नाहीत, उपचार मानसोपचाराच्या बाजूने जातो.

त्याच दिवशी लिहून काढा

माझ्या मते अख्ख्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. फिट थांबली, माणूस झोपला, की वही घ्या, कारण दुसऱ्या दिवशी तुमचीही आठवण बदलते. पडायच्या आधी काय करत होता, झोपेत होता का जागा, काही विचित्र वाटतंय असं म्हणाला का. सुरुवात शरीराच्या कुठल्या बाजूने झाली. मान किंवा डोळे कुठल्या बाजूला वळले, उजवीकडे का डावीकडे. डोळे उघडे होते का बंद (मेंदूतल्या विजेच्या गडबडीने आलेल्या मोठ्या फिटमध्ये बहुतेक उघडे असतात, त्यामुळे डॉक्टर हे हमखास विचारतात). रंग कसा झाला, जीभ चावली असेल तर टोकाला का कडेला, कडेला चावलेली फिटकडे जास्त बोट दाखवते. किती वेळ चाललं, आणि नाव सांगण्याइतकं भान किती वेळाने आलं. आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली होती का, ताप, दारू, पाळी, नवीन कुठलं औषध सुरू झालं होतं का.

दुसरा माणूस असेल तर त्याला व्हिडिओ काढायला सांगा. आधी सुरक्षितता, मग व्हिडिओ, हे बरोबरच, पण एकदा कुशीवर वळवलं की लाजू नका. पूर्ण शरीर फ्रेममध्ये घ्या, चेहरा दिसू दे, मध्येच नाव घेऊन हाक मारा, हात उचल म्हणा, म्हणजे भान होतं का तेही रेकॉर्ड होतं. भावाचे कितीतरी रिपोर्ट फायलीत आहेत, पण डॉक्टरने खुर्ची पुढे ओढून परत परत बघितली ती आईने मोबाईलवर काढलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप, त्यात मान डावीकडे वळताना स्पष्ट दिसत होती.

डॉक्टरकडे: तपासण्या आणि त्यांच्या मर्यादा

शक्यतो न्यूरॉलॉजिस्ट, आणि ज्याने फिट बघितली तो माणूस सोबत हवाच, तो येऊ शकत नसेल तर फोनवर तरी.

ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज कागदावर बघणं. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी काढला, १९२९ मध्ये छापला, आणि आजही तपासणीची कल्पना तीच आहे. पण ती तपासणी साधारण अर्ध्या तासाची असते, त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणून नॉर्मल ईईजी म्हणजे आजार नाही असं धरू नका. डॉक्टर रात्री जागून या म्हणाले तर खरंच जागा, कमी झोपेवर आणि झोपेत केलेल्या ईईजीत गडबड सापडायची शक्यता वाढते. केस धुऊन, तेल न लावता जा. आणि तपासणी आहे म्हणून नेहमीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एमआरआयमध्ये जुना व्रण, गाठ, जन्मापासूनची रचनेतली गडबड असं कारण दिसू शकतं, बऱ्याच जणांत काहीच दिसत नाही.

एक फिट आली की लगेच गोळ्या सुरू होतातच असं नाही. काही कारण नसताना पहिली फिट आलेल्या मोठ्या माणसांत पुढच्या २ वर्षांत दुसरी येण्याचं प्रमाण २१ ते ४५ टक्के दिसलंय, म्हणजे अनेकांना दुसरी येत नाही. या आजारावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आयएलएई) २०१४ च्या व्याख्येनुसार २४ तासांहून जास्त अंतराने विनाकारण दोन फिट, किंवा एकच पण पुन्हा येण्याचा धोका खूप जास्त (६० टक्के किंवा वर), तेव्हा एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार (अपस्मार), म्हणतात. तुमचा धोका कुठल्या बाजूला आहे हे डॉक्टरला सरळ विचारा.

गोळ्या

२००० साली ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी या दोघांनी ४७० पेशंटचा अभ्यास छापला, त्यात पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या आणि दुसऱ्याने आणखी १३ टक्के लोकांच्या. म्हणजे पहिलं औषध लागू पडलं नाही तर खचू नका, पण त्यापुढे नुसती औषधं बदलत बसण्यालाही मर्यादा आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

डोस हळूहळू वाढवतात त्याला कारण असतं. लॅमोट्रिजिन घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं, म्हणून ते आठवडे घेऊन चढवतात. कुठलंही फिटचं औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पुरळ आलं, त्यासोबत ताप किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. लेव्हेटिरासेटॅमने काही जण कमालीचे चिडचिडे किंवा उदास होतात, घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला, प्रत्यक्षात ते औषध असतं, सांगा, पर्याय आहेत. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, तोंडाची स्वच्छता वाढवा.

व्हॅल्प्रोएटबद्दल मुलींच्या आणि बायकांच्या घरच्यांनी नीट वाचा. औषध प्रभावी आहे, पण गरोदरपणात घेतलं गेलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांत वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी दिसतात. म्हणून मूल होण्याच्या वयात ते सुरू करण्याआधीच बोलणं झालं पाहिजे, आणि आधीच चालू असेल तर स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरला गाठायचं, कारण अचानक बंद केल्याने आलेली मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन वगैरेंनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, हेही विचारून घ्या.

गोळी चुकणं हे फिट परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. सात दिवसांचे सकाळ-रात्र कप्पे असलेली डबी घ्या, ठरलेल्या वारी भरा, कप्पा रिकामा दिसला म्हणजे घेतली, भरलेला दिसला म्हणजे राहिली, वादच नाही. चुकली तर काय करायचं, गोळी घेऊन लगेच उलटी झाली तर काय, याची उत्तरं औषधागणिक वेगळी असतात, आधीच विचारून वहीत लिहा. आठवडाभराची जास्तीची गोळी कायम घरात हवी. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी फिटच्या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगा, कारण ट्रॅमाडॉलसारखी वेदनेची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक फिटचा धोका वाढवू शकतं.

आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद, हे कधीही नाही. साधारण २ वर्षं किंवा जास्त फिट आली नाही तर काही जणांत डॉक्टर हळूहळू कमी करतात, सगळ्यांत नाही.

नीट निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत तर त्याला औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात, आणि अशा वेळी मोठ्या एपिलेप्सी सेंटरला पाठवा असा आग्रह धरा. २००१ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या ऑपरेशननंतर वर्षभराने ५८ टक्के लोक भान हरपणाऱ्या फिटपासून मोकळे होते, नुसत्या औषधांवर ८ टक्के. ऑपरेशन सगळ्यांना जमत नाही, मग किटोजेनिक (भरपूर फॅट, अगदी कमी कार्बोहायड्रेटचा) आहार, मानेतल्या व्हेगस नसेला संकेत देणारं यंत्र असे मार्ग असतात. लोक या टप्प्यावर दहा दहा, वीस वीस वर्षं फुकट घालवतात, त्याचं फार वाईट वाटतं.

रोजचं घर

बाथरूमला आतून कडी लावू नका, दारावर पाटी लटकवा. टबपेक्षा शॉवर किंवा बादली, आणि शक्यतो बसून अंघोळ. पोहायचं तर शेजारी फिट माहीत असलेला माणूस हवाच. शिडी, गच्चीचा कठडा, उघडी आग यापासून जपा. गाडी चालवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते बघा आणि पाळा. झोप हेसुद्धा औषधच समजा. चमकत्या दिव्यांची भीती सगळ्यांना घातली जाते, पण एपिलेप्सी असलेल्या साधारण ३ टक्के लोकांनाच त्याने फिट येते.

एक जड गोष्ट. एपिलेप्सी असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला हजारात एकाचा अचानक मृत्यू होतो, बहुतेकदा रात्री, आणि सगळ्यात मोठा धोका असतो तो आटोक्यात न येता परत परत येणाऱ्या मोठ्या फिटचा. भीती घालण्यासाठी सांगत नाहीये, गोळ्या वेळेवर घेण्याचं आणि फिट अजून येताहेत, चालायचंच, असं न म्हणण्याचं खरं कारण हे आहे.

लहान मुलांची तापातली आकडी वेगळी. ६ महिने ते ५ वर्षं या वयात २ ते ५ टक्के मुलांना ती येते, १५ मिनिटांच्या आत थांबून २४ तासांत परत आली नाही तर ती साधी, आणि त्यातली बहुतेक मुलं पुढे पूर्ण ठीक असतात. मदतीची पद्धत आणि ५ मिनिटांचा नियम तोच. पण मूल नंतरही सुस्त आहे, मान ताठ आहे, वर्षाच्या आतलं आहे, सारखी उलटी करतंय, तर मेंदूज्वर नाही ना हे त्याच दिवशी बघायला हवं.

शेवटचं काम म्हणजे एक कार्ड. नाव, आजार, चालू औषधं डोससकट, फिट सहसा कशी दिसते आणि किती वेळ चालते, किती मिनिटांनी ॲम्ब्युलन्स, कुणाला फोन. एक पाकिटात, एक शाळेत किंवा ऑफिसात, एक मोबाईलच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीत. डोस बदलला की त्याच दिवशी तिन्ही बदला.